आत्याचा गुडघा आणि आमचे पडदे

एक्स-रे फिल्मवर यायचे त्या काळी फिल्म खिडकीच्या उजेडात धरली की घरातल्या सगळ्यांना गुडघा एकच दिसे आणि मतभेद होत ते फक्त औषधावरून. तपासणी केंद्राने आत्याच्या हातात सीडी ठेवल्यापासून मात्र वडोदऱ्याच्या दांडिया बाजारातील आमच्या घरात मुळात गुडघ्यावरच एकमत होईनासे झाले आहे.

सीडी फिरवू शकणारा संगणक फक्त काकांकडे उरला आहे. त्यावर, सीडीबरोबर आलेल्या व्ह्यूअरमध्ये, म्हणजे चित्र दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, हाडे पांढरी आणि मागचा भाग काळा असे रीतसर चित्र उमटले. तीच फाइल पुतण्याने लॅपटॉपवर फुकटच्या व्ह्यूअरमध्ये उघडली, तर हाडे काळी ठिक्कर. "अरे, जळली की काय माझी हाडं?" आत्याने घाबरून विचारले. "कॅल्शियम कमी पडलं की असंच होतं," काकांनी ठामपणे सांगितले; काका बँकेतून निवृत्त झाले असले तरी वैद्यकशास्त्रातून अद्याप झालेले नाहीत.

पुतण्याने फाइलचा तपशील उघडला, तेव्हा आत 'मोनोक्रोम १' अशी नोंद सापडली. याचा अर्थ चित्राच्या ठिपक्यांसाठी फाइलमध्ये जे आकडे असतात, त्यांतला सर्वांत लहान आकडा पांढरा दाखवावा. 'मोनोक्रोम २' असते तर तोच काळा. डायकॉम हे वैद्यकीय चित्रांच्या फाइलींचे प्रमाण १९९३ पासून याच नावाने चालत आले आहे आणि त्यात हे स्वच्छ लिहिलेले आहे, पण फुकटच्या व्ह्यूअरने ती नोंद वाचण्याची तसदी घेतली नव्हती. उलटापालट करण्याचे बटण दाबताच आत्याची हाडे पांढरी झाली, पण सगळा गुडघा धुक्यात बुडाल्यासारखा फिकट.

त्याचे कारण निराळे होते. बारा बिटांच्या एक्स-रेत ४०९६ छटा मावतात, साध्या पडद्यावर राखाडीच्या जेमतेम २५६. म्हणून त्यांतला कोणता पट्टा पसरून दाखवायचा हे 'विंडो'च्या मध्यावर आणि रुंदीवर ठरते. फाइलमध्ये ते आकडे सुचवलेले होते, व्ह्यूअरने स्वतःचेच लावले. माउस दाबून ओढला की विंडो बदलते, हे कळल्यावर काकांनी माउस ताब्यात घेतला. उजवीकडे ओढला की हाडे विरळ, डावीकडे ओढला की दणकट. अशा रीतीने त्यांनी एका बैठकीत बहिणीची हाडे अनेकदा ठिसूळ करून पुन्हा बरी केली.

मोबाइलने पडद्याचाच फोटो काढून पुण्याला वहिनीकडे पाठवला गेला. त्यात लहरीलहरींचे पट्टे उमटले आणि तिने काळजीने फोन केला, याहून त्याविषयी सांगण्याजोगे काही नाही. टीव्हीची गोष्ट मात्र वेगळी. क्रिकेटसाठी भडक करून ठेवलेल्या आमच्या टीव्हीने कडा इतक्या धारदार केल्या की सांध्यातली फट ठसठशीत दिसू लागली, आणि शेव-उसळ खात बसलेल्या शेजाऱ्यांनी एकमुखाने गुडघा निर्दोष ठरवला.

रेडिओलॉजिस्टच्या मॉनिटरच्या राखाडी छटा डायकॉमच्या चौदाव्या भागातील मापाने बसवलेल्या असतात, आणि त्या मॉनिटरवर पाहून लिहिलेला अहवाल त्याच पाकिटात होता. तो कोणी वाचला नाही, कारण त्यात चित्र नव्हते.

डॉक्टरांनी मात्र तोच आधी वाचला, मग आपल्या पडद्यावर पाहून म्हणाले, "मावशी, फट कमी झाली आहे, झीज आहे."

"तुमचा टीव्ही नीट लावून घ्या," आत्या म्हणाली, "आमच्याकडे चांगली दिसत होती."