मार्ग्रातेनची दत्तक थडगी

नेदरलँड्समधल्या मार्ग्रातेनच्या अमेरिकन दफनभूमीवरचा तुमचा लेख मनाला भिडला. १९४५ पासून तिथली डच कुटुंबं दुसऱ्या महायुद्धात पडलेल्या एकेका अमेरिकन सैनिकाचं थडगं दत्तक घेत आलीत. जवळपास ८,३०० थडगी, पण एकही बेवारस नाही, उलट नाव नोंदवून थांबलेल्यांची यादी आहे! आजीने दत्तक घेतलेलं थडगं पुढे नात सांभाळते, सैनिकाच्या अमेरिकेतल्या घरच्यांशी पत्रव्यवहार ठेवते. गवत कापणं, संगमरवर धुणं हे पगारी कर्मचारी बघतात. या घरांनी उचललंय ते आठवण ठेवायचं काम, आणि माझ्या मते तेच जास्त अवघड. पांढऱ्या दगडावर कोरलेलं नाव फोटोत उठून दिसत नाही, म्हणून अक्षरांत ओली वाळू चोळून भरतात, वरची पुसून घेतात. मग नाव कसं स्वच्छ वाचता येतं.

एक गोष्ट मात्र लेखातून निसटली. १९४४ च्या अखेरीस पावसाचिखलात इथले खड्डे खणले ते मुख्यतः कृष्णवर्णीय अमेरिकी सैनिकांनी. वर्णभेदामुळे त्यांच्या तुकड्याही वेगळ्या ठेवलेल्या. त्यांच्यावर स्वतंत्र लिहा, ही कळकळीची विनंती.

आपल्या रायगडातल्या माणगाव तालुक्याचे, तेव्हाच्या भारतीय सैन्यात नाईक या हुद्द्यावर असलेले यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी इटलीत धारातीर्थी पडले. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस हा ब्रिटनचा सर्वोच्च शौर्यसन्मान मिळाला, पण त्यांचं थडगं कुठे ते ठाऊक नाही, म्हणून नाव आहे ते इटलीतल्या कॅसिनोच्या स्मारकावर. २०२३ मध्ये इटलीतल्याच मोंतोने गावात त्यांचं स्मारक झालं. इटलीतल्या मराठी मंडळींनी दर १० जुलैला तिथे जाऊन फुलं वाहावीत, असं फार वाटतं.