तळघरात मिळाली ती फक्त सर्दी

गेल्या आठवड्यात माझी भाची एकांकिकेच्या तालमीत चक्कर येऊन पडली. उपाशी बाईची भूमिका आहे म्हणून तिने दीड दिवस पोटात अन्नाचा कण जाऊ दिला नव्हता, आणि कारण विचारल्यावर तिने मोबाइल माझ्यापुढे धरला. नाटकवाल्यांच्या व्हॉट्सॲप गटांतून फिरणारा तो संदेश सांगत होता की, मॉस्कोतील गरीब घरात जन्मलेल्या रशियन नट-दिग्दर्शक स्तानिस्लाव्स्कींनी कंजूष सरदाराच्या भूमिकेसाठी स्वतःला तळघरात कोंडून घेतले आणि ती भूमिका अजरामर केली. 'भोगल्याशिवाय अभिनय नाही' हीच त्यांची पद्धत होती. आणि अखेर त्यांनी रंगमंचावरच देह ठेवला.

तळघराची गोष्ट खरी आहे. घात आहे तो ती अर्ध्यावर तोडण्यात. १८८८ साली, वयाच्या पंचविशीत, रशियन कवी पुश्किनच्या नाटकातला तो कंजूष सरदार त्यांना काही केल्या सापडत नव्हता. तेव्हा फ्रान्समधील व्हिशीजवळच्या एका जुन्या गढीच्या तळघरात त्यांनी स्वतःला दोन तास कोंडून घ्यायला लावले. अंधार, ओल, उंदीर, एकटेपणा, सगळे तिथे होते. 'माय लाइफ इन आर्ट' या आत्मचरित्रात ते स्वतःच लिहितात की, त्यातून भूमिकेसाठी काहीही मिळाले नाही, मिळाली ती जबर सर्दी आणि आधीपेक्षा मोठी निराशा. शोकनाट्याचा नट व्हायला उंदरांच्या सोबतीने तळघरात बसणे पुरत नाही, अशी वर स्वतःचीच थट्टाही करतात. ज्या प्रसंगावर ते स्वतः हसले, तो आपल्याकडे मुलींना उपाशी ठेवायला वापरला जातो, याला काय म्हणावे?

गरिबीची गोष्ट तर निव्वळ थाप आहे. त्यांचे मूळ आडनाव अलेक्सेयेव. घराण्याचा सोन्याचांदीची जरतार काढण्याचा कारखाना होता आणि स्तानिस्लाव्स्की हे नाव त्यांनी रंगभूमीसाठी घेतले. मृत्यूबाबत तारखा पुरेशा आहेत. ऑक्टोबर १९२८ मध्ये त्यांच्या मॉस्को आर्ट थिएटर या नाट्यसंस्थेच्या तिसाव्या वर्धापनदिनी चेखॉव्हच्या 'थ्री सिस्टर्स' नाटकातील वेर्शिनिनची भूमिका करताना त्यांना हृदयविकाराचा झटका आला, तरी अंक संपेपर्यंत ते उभे राहिले. त्यानंतर त्यांनी भूमिका केली नाही, पण तालमी घेणे चालू ठेवले आणि त्यांचे निधन झाले ते १९३८ मध्ये.

एक गोष्ट मात्र नाइलाजाने मान्य करावी लागते. नटाने स्वतःच्या जुन्या भावनांची आठवण जागवावी, असे ते शिकवत, आणि ही कल्पना त्यांनी रिबो या फ्रेंच मानसशास्त्रज्ञाकडून घेतली होती. परंतु जुनी भूक आठवणे वेगळे आणि आज जेवण टाकणे वेगळे. शिवाय १९३४ साली पॅरिसमध्ये काही आठवडे त्यांच्याकडे काम करून न्यूयॉर्कला परतलेल्या अमेरिकन अभिनेत्री स्टेला ॲडलर यांनी आपल्या नाट्यसंस्थेतील सहकाऱ्यांना सांगितले की, स्तानिस्लाव्स्कींचा भर कल्पनाशक्तीवर आणि नाटकाने दिलेल्या परिस्थितीवर आहे. त्या सहकाऱ्यांपैकी अभिनयशिक्षक ली स्ट्रासबर्ग यांना हे पटले नाही, आणि त्यांनी अमेरिकेत रुजवलेली भावनिक स्मृतीची शिकवण आज सर्रास स्तानिस्लाव्स्कींच्या नावावर खपते.

अखेरच्या वर्षांत तर स्तानिस्लाव्स्की नटाला विचारत की, या क्षणी या माणसाला काय हवे आहे आणि त्यासाठी तो काय करतो. भाचीच्या एकांकिकेतली बाई पिठाच्या रिकाम्या डब्याचा तळ बोटाने खरवडते आणि दाराशी पावले वाजताच झाकण लावते. बोट किती वेळ फिरते, लागलेले पीठ ती चाटते की लेकरासाठी राखते आणि झाकणाचा आवाज होऊ नये म्हणून हात कसा आवरते, याची तालीम पोटभर जेवूनही करता येते.