बिनशिंगी राउटर

राउटर घ्यायचाय म्हटलं की समोरचा पहिलं विचारतो, "अँटेना किती?" दोनवाला चारवाल्याकडे आदराने बघतो, चारवाला सहावाल्याकडे. खोक्यावरच्या चित्रात तर हल्ली अशी शिंगं उगारलेली असतात की हा इंटरनेट देणार आहे की अंगावर येणार आहे, तेच कळू नये. अशा काळात "मला एकही अँटेना नको, नुसती वायर खुपसायची भोकं हवीत," असं मी घरात जाहीर केलं. बायकोने हातातलं काम थांबवलं आणि विचारलं, "बरं आहे ना तुला?"

मी बरा होतो. बऱ्या नव्हत्या त्या माझ्या मीटिंगा. वायफायवर माझा चेहरा नेमका तोंड उघडं असताना गोठायचा. तेवढ्यात कोणीतरी "हे काम कोण घेतंय?" असं विचारलेलं असायचं. मी हालत नाही, बोलत नाही, म्हणजे मौनं संमतिलक्षणम्. चेहरा पुन्हा हलायला लागेपर्यंत काम माझ्या नावावर चढलेलं असायचं. वायफायचं दुखणंच असं आहे की हवा सगळ्यांची एक. आपला मोबाईल, टीव्ही, भिंतीपलीकडचं बिऱ्हाड, त्यांचा मायक्रोवेव्ह, सगळे एकाच हवेत बोलणार आणि एक बोलत असला की बाकीच्यांनी थांबायचं. वायरीत ही भानगड नाही. जाणारा जात असतो, येणारा येत असतो, कोणी कोणासाठी थांबत नाही. टेबलावरच्या कॉम्प्युटरला, टीव्हीला, प्रिंटरला वायर द्यायची आणि मोकळं व्हायचं, एवढाच माझा बेत होता.

बेत ऐकून मेहुणा म्हणाला, "दाजी, राउटर कशाला? कंपनीने दिलेला डबा राउटरच असतो. त्याला भोकं वाढवणारा एक साधा स्विच लावा, झालं काम." मेहुण्यांचा राग येतो तो ते चुकतात म्हणून नाही. हा बरोबर बोलत होता. नुसती भोकं कमी पडत असतील तर स्विच पुरतो. त्याला ना पासवर्ड, ना सेटिंग, ना स्वतःची मतं. पण मला माझा राउटर हवा होता. उद्या इंटरनेटची कंपनी बदलली तर तिचा डबा तिच्याबरोबर जातो, आणि मग घरातल्या प्रत्येक यंत्राला नव्याने ओळखपाळख करून द्यावी लागते. आपला राउटर मध्ये असला की बाहेर कोण आलं नि कोण गेलं याची घरातल्या प्रिंटरला दखल घ्यावी लागत नाही. हे मी मेहुण्याला समजावून सांगितलं. तो "बघा बुवा" म्हणाला. हे दोन शब्द पुढे बरेच दिवस घरात हिंडत होते.

स्वस्तातला वायरवाला राउटर शोधायला बसलं की पहिला धक्का हा, की वायफाय काढून टाकलं म्हणून किंमत उतरतेच असं नाही. बिनवायफायचे राउटर बरेचसे ऑफिसांसाठी बनवलेले असतात. अंगात पत्रा, आत शंभर सोयी, घरगुती गिऱ्हाईक कमी. म्हणजे जे नको तेच घेतलं तर स्वस्त पडतं. शहाणे लोक म्हणूनच सरळ साधा वायफाय राउटर घेतात आणि त्यातलं वायफाय बंद करून ठेवतात. मी तेवढा शहाणा असतो तर हा लेख दोन परिच्छेदांत संपला असता. त्यात ग्राहकांचे अभिप्राय वाचायची मला सवय. एकाने बिनवायफायच्या राउटरला एकच तारा दिला होता, कारण "यात वायफाय नाही". त्याच्याखाली दुसऱ्याने पाच दिले होते आणि लिहिलं होतं, "अजून खोकं उघडलेलं नाही."

खोक्यावरच्या आकड्यांची तर वेगळीच मौज. '१२००' असं ठळक छापलेलं असतं. ही बेरीज दोन वायफाय पट्ट्यांच्या, म्हणजे दोन वेगवेगळ्या रेडिओलहरींच्या, वेगाची, एक ३०० ची, एक ८६७ ची. एक मोबाईल एका वेळी एकाच पट्टीवर बसतो, त्यामुळे ही बेरीज कोणाच्याच वाट्याला येत नाही. शिवाय ३०० आणि ८६७ मिळून ११६७ होतात. उरलेले ३३ कंपनीच्या उत्साहाचे. आणि वायरीच्या भोकांबद्दल, जे माझ्या कामाचं, ते मागच्या बाजूला मुंगीच्या अक्षरात: '१०/१००'. म्हणजे वायरीतून सेकंदाला जास्तीत जास्त १०० मेगाबिट. हे मानक १९९५ सालचं. तांब्याच्या वायरीवरून १००० न्यायचं मानक आलं १९९९ साली. तेव्हा जन्मलेली मुलं आता नोकऱ्या करतायत, पण चकचकीत खोक्यात १९९५ अजून नवंकोरं मिळतं. माझा प्लॅन ३०० चा. तो १०० च्या भोकातून काढला तर हाती ९४-९५ लागतात, कारण माहितीच्या प्रत्येक पाकिटावरचे पत्ते आणि दोन पाकिटांमधली सक्तीची विश्रांती यात बाकीचे पाच-सहा जातात. तेव्हा 'गिगाबिट पोर्ट', म्हणजे १००० चं भोक, हे दोन शब्द लिहिलेले असल्याशिवाय पुढे वाचायचंच नाही, हा माझा नियम. पोर्ट गिगाबिट असले तरी आतला प्रोसेसर किती ओढतो हा प्रश्न उरतोच, विशेषतः कोणाला किती वेग द्यायचा असली वाटणीची सेटिंगं चालू केली की. पण तिथवर वाचत गेलं की माणूस राउटर घेतच नाही, नुसता वाचत बसतो.

घेतला शेवटी. हाताच्या पंज्यात मावेल एवढा, काळा, पाच भोकांचा, एकही अँटेना नसलेला. वडिलांनी, म्हणजे नानांनी, तो उलटासुलटा करून बघितला आणि म्हणाले, "बाकीचा कधी येणार?"

आता जोडणी. कंपनीचा डबा स्वतःला १९२.१६८.१.१ म्हणवत होता आणि माझा नवा राउटरही स्वतःला १९२.१६८.१.१ च म्हणवत होता. हे पत्ते खासगी वापरासाठी राखून ठेवलेले आहेत, त्यामुळे जगातल्या घराघरांत हेच चालतात आणि एरवी कोणाचं काही अडत नाही. पण एकामागे एक जोडलेल्या दोन डब्यांचा पत्ता एकच असला की आतलं कुठलं नि बाहेरचं कुठलं हे राउटरला कळेनासं होतं, आणि तो दोन्हीकडे दुर्लक्ष करतो. मी माझ्या राउटरचा पत्ता बदलून १९२.१६८.१०.१ केला. इंटरनेट आलं. पण राउटरच्या मागे राउटर ही दुहेरी चौकी मला नको होती. कंपनीच्या डब्याने नुसतं आलेलं पुढे ढकलावं, बाकी कारभार माझ्याकडे. याला ब्रिज मोड म्हणतात, आणि तो कस्टमर केअरवाल्यांनी करून द्यायचा असतो.

"सर, तुमच्या नवीन राउटरचा मॅक आयडी सांगा."

मॅक आयडी, म्हणजे यंत्राचा ओळखक्रमांक, राउटरच्या पोटावर चिकटवलेल्या लेबलावर असतो. अक्षरं इतकी बारीक की मी आधी मोबाईलने फोटो काढला, मग तो दोन बोटांनी ताणला, आणि हे सगळं त्याच मोबाईलवर फोन चालू असताना. बारा खुणांचा हा आकडा. त्यात शून्य ते नऊ आणि ए ते एफ एवढंच येऊ शकतं. या ए ते एफमधल्या बी, सी, डी, ई या चौघी फोनवर एकसारख्या ऐकू येतात. आणि माझ्या लेबलावर चौघीही हजर.

"बी की डी, सर?"

"डी. डमरूतला."

"बरं. मग बी?"

"नाही, ई."

"जी?"

"जी नसतोच त्यात. एफवर संपतं."

"नाही सर, मी 'जी' म्हटलं, पुढचं सांगा."

"हां जी, सी."

नाना पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "एवढं जी-जी कशाला करतोस त्यांना? पैसे भरतो आपण."

बारा खुणा पलीकडे पोचल्या. युजरनेम-पासवर्ड मिळाला, तो मी राउटरमध्ये भरला आणि कंपनीने ब्रिज मोड लावला. त्या क्षणी घरातलं वायफाय गेलं, कारण ते त्याच डब्यातून येत होतं. याची पूर्वसूचना मी सकाळीच सगळ्यांना दिलेली होती. तरीही "नेट गेलं का?" हा प्रश्न स्वयंपाकघरातून, बेडरूममधून आणि बाल्कनीतून एकदमच आला. मुलगी बाहेर येऊन म्हणाली, "पप्पा, मोबाईलला वायर कुठून लावायची ते सांगा." तिच्यासाठी कपाटातला जुना वायफाय राउटर काढला, त्याचं पत्तेवाटपाचं खातं बंद केलं, वायर त्याच्या इंटरनेटच्या भोकाऐवजी साध्या भोकात घातली आणि त्याला नुसता हवेतला पोऱ्या म्हणून ठेवून घेतला. घर शांत झालं.

मी टेबलापाशी जाऊन कॉम्प्युटरला वायर लावली आणि वेग मोजला. ९४.

पुन्हा मोजला. ९४. राउटर गिगाबिट, कॉम्प्युटर गिगाबिट, प्लॅन ३०० चा, आणि आकडा ९४. बाकी तक्रारीला जागा नाही. पानं उघडतायत, मीटिंग चालतेय, लाल दिवा नाही, कुठे काही लिहून येत नाही. यंत्र ठप्प झालं तर ते दुरुस्त करायला चार जण धावतात. पण थोडंसं कमी चालणाऱ्या यंत्राबद्दल घरात सहानुभूती मिळत नाही. "चालतंय ना? मग?" बायको म्हणाली. मेहुण्याला कोणी कळवलं माहीत नाही, त्याचा नुसता एक हसरा चेहरा मोबाईलवर आला.

कस्टमर केअरला फोन लावला. "आमच्याकडून ३००च जातोय सर. राउटर बंद करून चालू करा." तेही केलं. "तक्रार नोंदवून घेतलीय सर."

मग लॅपटॉप उचलून थेट राउटरपाशी नेला आणि हातभर वायरीने जोडला. २९३. म्हणजे कंपनी निर्दोष, राउटर निर्दोष. राहता राहिली भिंत. घराचं काम चालू असतानाच भिंतीतून वायर टाकून घेतलेली होती, चांगली, आठ तारांची. टेबलामागच्या सॉकेटचे दोन स्क्रू काढले आणि पाटी पुढे ओढली. आत केशरी जोडी लावलेली, हिरवी जोडी लावलेली. निळी आणि तपकिरी जोडी मात्र व्यवस्थित गुंडाळून, वर काळी टेप मारून, कोपऱ्यात सारून ठेवलेली. इतकी नीट, की ज्याने केलं त्याला आपण काही वाचवलं याचा अभिमान असणार. १०० च्या वेगाला चारच तारा लागतात, १ नंबर, २ नंबर, ३ आणि ६. गिगाबिटला आठही लागतात. वायरीच्या दोन टोकांची यंत्रं आधी १००० वर बोलायचं ठरवतात, चार तारांत ते जमत नाही असं दिसलं की आपसात समजून घेऊन १०० वर उतरतात, आणि घरमालकाला कळवत नाहीत. एक गोष्ट मात्र ती करतात. भोकाशेजारचा बारका दिवा, माझ्या राउटरवर तरी, हिरव्याऐवजी नारिंगी लागतो. कोणता रंग म्हणजे काय हे प्रत्येक बनवणाऱ्याने स्वतःच्या मर्जीने ठरवलेलं असल्यामुळे त्या दिव्याकडे बघून कोणाला काही वाटत नाही.

टेप सोडवली. निळी चार नंबरवर, पांढरी-निळी पाचवर, पांढरी-तपकिरी सातवर, तपकिरी आठवर. बाकीच्या जोड्या जोडीने शेजारी बसतात, पण हिरव्या जोडीतली एक तीनवर आणि दुसरी सहावर, मध्ये निळे बसलेले. हे असं का, तर मधली दोन घरं फार पूर्वीपासून टेलिफोनच्या वायरीची, आणि त्यांना कोणी उठवलं नाही. पलीकडच्या टोकालाही हीच सगळी कवायत, तीही कपाट सरकवून. दिवा हिरवा झाला. २९१.

मी बाहेर येऊन आकडा सांगितला. नानांनी विचारलं, "आधी किती होता?" मी म्हटलं, "९४." ते म्हणाले, "मग तेव्हा बंद होतं का?"

तेवढ्यात मोबाईलवर कंपनीचा मेसेज आला. आमच्या तंत्रज्ञांनी आपली तक्रार यशस्वीपणे सोडवली आहे, सेवेला १ ते १० मध्ये गुण द्या. मी ९४ लिहून पाठवलं. कृपया १ ते १० मधलाच आकडा द्या, असं लगेच उत्तर आलं. इतक्या वेगाने त्यांच्याकडून मला आजवर काहीच आलेलं नव्हतं.