अर्धा कोयता

दिवाळी सरली की आमच्या उसाच्या फडाशेजारी बीडकडची ऊसतोड मजुरांची टोळी उतरते. पाचट आणि ताडपत्रीच्या कोप्या उभ्या राहतात. यंदा मजूर आणणाऱ्या मुकादमाला विचारलं, माणसं किती? म्हणाला, "बारा कोयते."

कोयता म्हणजे नवरा-बायको मिळून एक. बाई एकटी आली तर अर्धा कोयता. ती पहाटे भाकरी थापून फडात उतरते, ऊस तोडते, मोळी बांधते आणि डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढते. बाळ बांधावर झोळीत असतं, झोका द्यायला आठ-नऊ वर्षांची बहीण. उचल, म्हणजे मुकादमाने आगाऊ दिलेले पैसे, मात्र नवऱ्याच्या हातात. वाढ्यांचा, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांचा, भारा द्यायला आलेल्या एकीला मी विचारलं, हिशेबाच्या वहीत तुझं नाव असतं का गं? "नसतंय ताई, मालकाचं असतंय." मालक म्हणजे तिचा नवरा.

संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्कांच्या १९४८च्या जाहीरनाम्यात पहिलं कलम 'ऑल मेन' असं सुरू होणार होतं. तिथल्या आपल्या भारताच्या प्रतिनिधी हंसा मेहतांनी आग्रह धरून तिथं 'ऑल ह्युमन बीइंग्ज' करून घेतलं. बाईला माणसात धरायला जगाला लावलं त्यांनी! आणि आमच्या फडात ती अजून अर्धी.

२०१५ साली जगाने शाश्वत विकासाची १७ उद्दिष्टं ठरवली. आठव्यात स्पष्ट लिहिलंय: वेठबिगारी संपवायची, बालमजुरी २०२५पर्यंत सगळ्या प्रकारची बंद करायची. ती मुदत उलटली. झोळीला झोका देणारी पोर शाळेत नाही. उचल फिटली नाही की पुढच्या हंगामालाही त्याच मुकादमाकडे, याला वेठबिगारी नाही तर दुसरं काय म्हणायचं?

२०१९ साली बीडमधल्या ८२ हजारांवर ऊसतोड बायकांची सरकारी पाहणी झाली, त्यात १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. फडावर संडास नाही, पाळीत विसावा नाही, खाडा झाला की दंड. दुखणं अंगावर काढायचं आणि शेवटी पिशवीच काढून टाकायची. जाब विचारायला गेलं तर कारखाना म्हणतो मजूर मुकादमाचे, मुकादम म्हणतो कारखान्याला विचारा.

माझ्या मते उद्दिष्टांचे फलक लावण्याआधी करार तिच्याही नावाने व्हावा, तिची मजुरी तिच्या खात्यात जावी आणि कोप्यांजवळ संडास-पाणी असावं. साखर त्या कष्टांची आहे आणि ऊस आमचा, म्हणून हे आम्ही सभासदांनीच बोलायला हवं. कारखान्याच्या येत्या वार्षिक सभेत मी हा विषय मांडणार आहे. सोबत कोण उभं राहणार, ते खाली लिहा.