भंगार घेतो, कचरा नाही

परवाच्या रविवारी भंगारवाल्याने दारात उभं राहून माझा अपमान केला, आणि वाईट म्हणजे त्याचंच बरोबर होतं.

महिनाभराची रद्दी, कान तुटलेला कुकर, मोरीतला बदललेला पितळी नळ असं सगळं त्याच्यासमोर मांडलं होतं. त्याने नळ तळहातावर झेलून वजनाचा अंदाज घेतला, कुकर उलटा करून बुडाला टिचकी मारली. मग मी सहा बाटल्या पुढे केल्या. त्याने एक उचलली, फिरवून बघितली आणि परत खाली ठेवली.

"ह्या नाही चालणार, ताई."

"का? काचेच्याच आहेत की."

"काच दिसतेय कुठे?"

खरंच दिसत नव्हती. खालपासून अर्ध्यापर्यंत गच्च गुंडाळलेली सुतळी, वर गेरूच्या रंगाचा जाड थर, त्यावर हात धरून नाचणारी पांढरी वारली माणसं आणि या सगळ्यावर वॉर्निश. "आम्ही भंगार घेतो, कचरा नाही," असं म्हणून त्याने काटा खांद्याला अडकवला आणि जिना उतरून गेला.

त्या बाटल्या मी चार-पाच वर्षांपूर्वी एका मे महिन्यात रंगवल्या होत्या. कोकम सरबताच्या रिकाम्या बाटल्या, म्हणजे माल फुकटचाच. पण त्यासाठी ठाण्यातल्या राम मारुती रोडवरून रंगांचा सेट आणला, ग्लू गन आणली, तिच्या कांड्या, सुतळीची दोन बंडलं, बारीक ब्रश, वॉर्निशची डबी. तेव्हा हिशेब केला नाही हे बरंच झालं, कारण तेवढ्यात दोन बऱ्या फुलदाण्या आल्या असत्या. वारली लोक घराच्या गेरूने सारवलेल्या भिंतींवर तांदळाच्या पिठाने चित्रं काढतात. मी ती सरबताच्या बाटलीवर ॲक्रेलिकने काढली आणि फेसबुकवर टाकली. तुमच्यापैकी कित्येकांनी त्याला बदाम दिले होते. तुमचीही चूक नाही, फोटोत छानच दिसत होत्या.

त्यात मनीप्लांट लावले. आतलं पाणी दिसत नाही म्हटल्यावर ते बदलायचं राहून जायचं. एकदा एक बाटली उचलली तर तोंडाशी बारीक अळ्या वळवळताना दिसल्या. आपण हौसेने घरात डासांची पैदास करत होतो.

उन्हाळा आला की आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर 'टाकाऊतून टिकाऊ'चे व्हिडिओ सुरू होतात. जुन्या टायरची झोपाळ्यावजा कुंडी, जीन्सच्या खिशात सदाफुली, चमच्यांचं झुंबर. मी ते सगळे बघते, खोटं कशाला बोलू. पण त्यातलं निम्मं काम टाकाऊतून अधिक टाकाऊ करण्याचं असतं, असं आता माझं मत झालंय. बाटली ही बाटली असते तोवर तिला पुढचा जन्म आहे. ती भंगारात जाईल, वितळेल, परत बाटली होईल. तिला सुतळी, गोंद आणि रंग चिकटवला की तिचा तिथेच शेवट. काच काच राहात नाही, सुतळी सुतळी राहात नाही.

आमची आजी हे सगळं न शिकताच करायची. लुगडं विरलं की त्यातला बरा भाग दुपट्याला, उरलेल्याची गोधडी, गोधडी फाटली की पायपुसणं, त्याच्याही चिंध्या झाल्या की मोरीतलं फडकं. या सगळ्या प्रवासात नवीन काय लागायचं? सुई आणि दोरा. आणि शेवटच्या चिंधीपर्यंत ते सुतीच राहायचं. २०१८ मध्ये राज्यात प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली तेव्हा मी जुन्या पडद्यांच्या सात पिशव्या शिवल्या. त्यातल्या पाच अजून जांभळी नाक्याच्या बाजारात माझ्यासोबत येतात. त्यांच्यावर मी काही रंगवलं नाही म्हणूनच त्या टिकल्या असाव्यात.

तर यंदा हौस बाजूला ठेवून, उन्हाळ्यात खरोखर उपयोगी पडेल असं घरात काय पडलंय ते शोधलं. माळ्यावर चढले. पहिली सापडली ती सुगडं.

संक्रांतीला आपण सुगडं आणतो, त्यात बोरं, उसाचे करवे, हरभरा, गाजर, ओंब्या भरून पुजतो. मग ती टाकवत नाहीत, कारण पुजलेली असतात, आणि वापरवतही नाहीत. आमच्या माळ्यावर चार वर्षांची मिळून सतरा निघाली. त्यातलं एक मोगऱ्याच्या मोठ्या कुंडीत गळ्यापर्यंत पुरलं, पाण्याने भरलं आणि वर दिवाळीची पणती पालथी घातली. मातीचं भांडं भाजलेलं असलं तरी त्याला बारीक छिद्रं असतात. बाहेरची माती सुकली की ती आतलं पाणी ओढून घेते, ओली असली की ओढत नाही. कधी किती पाणी द्यायचं हे माती आणि सुगड आपापसात ठरवतात. पणती डासांनाही अडवते आणि पाणी उन्हाने उडूनही जाऊ देत नाही. पूर्वी मोगऱ्याला रोज संध्याकाळी पाणी घालूनही दुपारी तो माना टाकायचा. आता एक दिवसाआड सुगड भरते आणि कळ्या मोजायला सासूबाई येतात.

यात माझी फजितीही झाली, ती सांगते म्हणजे तुमची होणार नाही. पाच सुगडं पुरली, त्यातली दोन आठवडाभर भरलेलीच. उकरून बघितली तर ती सोनेरी ऑइलपेंट मारलेली, खडे चिकटवलेली, हल्ली मिळतात तसली. रंगाने सगळी छिद्रं बुजलेली. मग मी सोपी परीक्षा काढली. सुगड पाण्याने भरून रात्रभर वर्तमानपत्रावर ठेवायचं. सकाळी कागद ओला असेल तर ते कामाचं. जुन्या माठाचंही तेच. 'जुना माठ बागेत पुरा' असं सगळे सांगतात, पण माठ आपण काढतो कधी? पाणी गार होईनासं झालं की. आणि ते गार होत नाही कारण पाण्यातल्या क्षारांनी त्याची छिद्रं भरलेली असतात. जो माठ पाझरत नाही म्हणून निवृत्त झाला, त्याच्याकडून कुंडीत पाझरण्याची अपेक्षा कशी करायची? काथ्याने बाहेरून खसाखसा घासून बघा, थोडाफार सुधारतो. नाही सुधारला तर त्याची खापरं कुंडीच्या तळाच्या भोकांवर ठेवायला उत्तम. आणि लहान कुंडीत सुगड पुरू नका, मिरचीच्या मुळांना जागाच उरत नाही.

दुसरी गोष्ट धोतरं. आमची गॅलरी पश्चिमेला. तीन वाजल्यापासून ऊन थेट काचेच्या दारावर. आत जाड पडदा लावून काही होत नाही, कारण ऊन काचेतून आत आलेलं असतं आणि पडदाच तापून बसतो. ऊन अडवायचं तर काचेच्या बाहेर. सासरे जाऊन सहा वर्षं झाली, त्यांची पांढरी सुती धोतरं ट्रंकेत घडी घालून होती. आईंना भीतभीतच विचारलं. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, "घे. जन्मभर त्यांना ऊन सोसलं नाही, आता बसू देत गॅलरीत ऊन अडवत."

दोन धोतरं कडेला कड जोडून शिवली, वरच्या बाजूला नेफा घालून ग्रीलच्या आतून जुन्या पडद्याच्या दांडीवर ओवली, खालच्या नेफ्यात दुसरी दांडी घातली म्हणजे वाऱ्याने फडफडत नाही. खर्च शून्य. काचेला आता हात लावता येतो. पावसाळ्यापूर्वी काढायची, धुवायची, घडी करून ठेवायची. पुढे विरली की पुसणी आहेतच.

अकोल्याच्या नणंदेला फोटो पाठवला तर तिचा लगेच फोन. "वहिनी, त्याच्यावर पाणी मारत जा, एसी विसराल." तिच्याकडे वाळ्याच्या ताट्या, कूलर, सगळं पाण्यावर चालतं. तिकडची हवा कोरडी, पाणी भराभर उडतं आणि उडताना गारवा देतं. आमच्याकडे एका बाजूला खाडी, पलीकडे समुद्र, हवेतच आधी पाणी. तरी तिच्या शब्दाला मान देऊन दोन दिवस मारलं. खोली गार झाली नाही, फक्त डब्यातले पापड सादळले.

आंब्याच्या पेटीचं मात्र मला कौतुक आहे. हल्ली बहुतेक ठिकाणी पुठ्ठ्याचे खोके आले, पण देवगडचा माझा मामेभाऊ अजून लाकडी पेटीच पाठवतो, आत पेंढा घालून. पेटीचं स्टूल, पेटीचं पुस्तकांचं कपाट हे सगळं व्हिडिओत ठीक आहे. फळ्या पातळ आणि कच्च्या लाकडाच्या असतात, एका पावसाळ्यात बुरशी धरतात. मी ती गॅलरीच्या कोपऱ्यात उपडी ठेवली आणि वर गवती चहाची कुंडी, बस. खरा माल पेंढा. तो प्रत्येक कुंडीत मातीवर दोन-तीन बोटं जाड पसरला. मातीवर थेट ऊन पडत नाही, ओल टिकते, पुढे कुजून खत होतं. एका कुंडीत पेंढ्यातल्या उरल्यासुरल्या दाण्यांमधून भाताचे कोंब आले. काढले नाहीत. ठाण्यात तिसऱ्या मजल्यावर भातशेती आहे, असं सगळ्यांना सांगत सुटलेय.

तेलाच्या १५ किलोच्या पत्र्याच्या डब्याबद्दल थोडं वाईट बोलते. तुळशीपासून कढीपत्त्यापर्यंत सगळं आपण त्यात वाढवलं, वाड्यांच्या अंगणात ते चालायचंही. पण काँक्रीटच्या गॅलरीत मे महिन्यात दुपारी त्या पत्र्याला हात लावून बघा. तुम्हाला चटका बसतो, तर आतून पत्र्याला चिकटलेल्या मुळांचं काय होत असेल? रंगकामातून उरलेली प्लास्टिकची २० लिटरची बादली त्यापेक्षा बरी. तळापासून बोटभर वर, बाजूला भोकं पाडा, तापलेल्या सळईने पटकन होतात. धूर वाईट असतो, खिडकी उघडी ठेवा. डबाच वापरायचा असेल तर त्याला बाहेरून गोणपाट गुंडाळा. गुंडाळा म्हटलंय, चिकटवू नका.

आणि टायर. कृपा करून टायर आणू नका. कितीही गुलाबी रंगवला तरी त्याच्या आतल्या खोबणीत पाणी साचणार आणि डेंगीच्या डासाला असंच साठलेलं स्वच्छ पाणी लागतं. अंड्यापासून उडणारा डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. कुंड्यांखालच्या ताटल्यांनाही हेच लागू. नुसतं पाणी ओतून भागत नाही, अंडी कडेला चिकटलेली असतात आणि कोरडी झाली तरी महिनोन् महिने टिकतात, पहिल्या पावसाची वाट बघत. म्हणून आठवड्यातून एकदा ताटली ओतून, घासून, उन्हात वाळवायची. पाखरांसाठी ठेवलेलं पाणी तर रोज बदलायचं. त्यासाठी स्टीलची जुनी थाळी नको, तापते. मातीची परळ घ्या.

नौपाड्यात सध्या बघाल तिथे बिल्डिंग पुनर्विकासाला चाललीय. माळे रिकामे होताहेत. कंपाउंडच्या भिंतीशी पाटे-वरवंटे टाकून दिलेले दिसतात. मी दोन पाटे उचलून आणले, म्हणजे मुलाने आणले, मी सूचना दिल्या. त्यावर कुंड्या ठेवल्या की तळाची भोकं मोकळी राहतात आणि लादीवर मातीचे गोल उमटत नाहीत. शेजारच्या वहिनींनी तांब्याचा बंब पॉलिश करून हॉलमध्ये ठेवलाय, वर कापडी फुलं. मला विचाराल तर तो मोडीत द्यावा, तांब्याला कुणीही 'चालणार नाही' म्हणत नाही. पण त्यांच्या आजीचा आहे, तेव्हा मी तोंड मिटून चहा पिते.

वहिनींचीच नात सुट्टीत आलीय, नऊ वर्षांची. काल तिने नारळाच्या करवंटीला खिळ्याने भोकं पाडून त्यात पुदिना लावला आणि करवंटीवर दोन डोळे काढले. मी एवढं सगळं लिहिणारी बाई, पण तिला म्हटलं, नाकही काढ. मुलांचं मुलांनी करावं. माझा राग आम्हा पन्नाशीच्या बायकांवर आहे, ज्यांना ग्लू गन लागते.

तर आता त्या सहा बाटल्या. मोठ्या टबात गरम पाणी आणि कपड्यांचा साबण घालून भिजत घातल्यात. सुतळी दुसऱ्या दिवशी सुटायला लागली, ग्लू गनचा डिंक मात्र नखाने खरवडावा लागतो. रंग चिवट आहे. काल रात्री मालिका बघता बघता तारेच्या घासणीने चार साफ केल्या. नाचणारी माणसं एकेक करून गेली, त्यांच्यातला तारपा वाद्य वाजवणारा तेवढा शेवटपर्यंत हटत नव्हता. दोन अजून बाकी आहेत. भंगारवाला रविवारी येतो. आणि सोसायटीत कुणाच्या माळ्यावर बिनरंगाची सुगडं पडून असतील तर मला हवी आहेत, तिसऱ्या मजल्यावर आणून द्या. बदल्यात मोगऱ्याची ओंजळ मिळेल.