इंचभर सौभद्र

गोव्यातल्या अंत्रुज महालात जन्मलेल्या माणसाला तोंडाला रंग लागल्याशिवाय राहत नाही. देवळाचा उत्सव आला की नाटक आलं, नाटक आलं की तालमी आल्या, आणि तालमी आल्या की भांडणं आलीच. ज्याला गाता येतं तो अर्जुन होतो. ज्याला गाता येत नाही, पण ज्याच्या घरून पडद्यांचे पैसे येतात, तो कृष्ण होतो. ज्याला यातलं काहीच जमत नाही त्याला समितीवर घेतात. मी समितीवर आहे.

यंदा 'संगीत सौभद्र' ठरलं. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८२ साली ते रंगभूमीवर आणलं. तेव्हापासून बलरामदादा आपल्या बहिणीला दुर्योधनाच्या गळ्यात बांधायला निघालेत आणि कृष्ण तो बेत हाणून पाडतोय. गावातल्या शेंबड्या पोराला हे ठाऊक असूनही यंदा काही वेगळं होतंय का, हे बघायला सगळे पहाटेपर्यंत बसतात. इथवर काही तक्रार नाही. माशी शिंकली ती खजिनदारांच्या मेहुण्यामुळे.

मेहुणे न्यूजर्सीला असतात. टपाल तिकिटं जमवतात. सुट्टीवर आले तेव्हा त्यांनी समितीच्या बैठकीत चिमट्यात धरून एक तिकीट दाखवलं. 'ओक्लाहोमा!' नावाच्या तिकडच्या संगीत नाटकाचं, २९ सेंटांचं. रॉजर्स आणि हॅमरस्टाइन या जोडीचं हे नाटक ३१ मार्च १९४३ ला ब्रॉडवेवर लागलं, सलग २,२१२ प्रयोग झाले, आणि पन्नाशी गाठल्यावर अमेरिकेच्या टपाल खात्याने ३० मार्च १९९३ ला त्याचं तिकीट काढलं.

"म्हणजे आदल्या दिवशीच काढलं?" अध्यक्षांनी विचारलं.

"तिकडे टपाल वेळेआधी पोचतं," मेहुणे म्हणाले.

एवढ्यावरच नाही. त्याच वर्षी जुलैत आणखी तीन संगीत नाटकांना सोबत घेऊन 'ओक्लाहोमा!' पुन्हा तिकिटावर चढलं. बैठकीत शांतता पसरली. मग तालीम मास्तर उठले. ते उठले की बैठक लांबते. "सलग दोन हजार प्रयोग कोणीही करील," ते म्हणाले. "आमचा प्रयोग एकच, पण रात्री बारा ते पहाटे साडेपाच! आणि आमचं सौभद्र त्यांच्या एकसष्ट वर्षं आधीचं. गोव्यात पोर्तुगीजांची टपाल तिकिटं निघाली १८७१ साली. म्हणजे सौभद्र यायच्या अकरा वर्षं आधी तिकीट इथे येऊन वाट बघत बसलं होतं!" टाळ्या पडल्या. सौभद्राचं तिकीट काढायचं असा ठराव झाला आणि ज्याने टाळी वाजवली नव्हती, म्हणजे मी, त्याच्यावर कामगिरी सोपवण्यात आली.

पहिला घोळ असा, की समितीला तिकीट सौभद्राचं नको होतं, स्वतःचं हवं होतं. किर्लोस्करांचं चित्र चालेल का, असं मी विचारलं, तर "ते कुठे आमच्या गावचे?" असं उत्तर मिळालं. बरं, शेजारच्या मंगेशीचे मास्टर दीनानाथ घ्या, तर त्यांचं तिकीट आपल्या टपाल खात्याने १९९३ सालीच काढलेलं. शिवाय हयात माणसाचं तिकीट सहसा काढायचं नाही, हा खात्याचा जुना दंडक. अपवाद झाले ते फार थोडे: १९५८ साली महर्षी कर्वे, ते शंभरीत पोचले तेव्हा, आणि २०१३ साली सचिन तेंडुलकर, शंभर शतकं झाल्यावर. थोडक्यात, एकतर शंभर वर्षं जगायचं नाहीतर शंभर शतकं ठोकायची. आमचा अर्जुन बासष्टचा आहे आणि देवळामागच्या मैदानात त्याचा सर्वोच्च स्कोअर अकरा.

वाट दाखवली ती पोस्टातल्या बाईंनी. मला वाटतं, गोव्यातल्या साऱ्या उत्सव समित्यांपेक्षा त्या एका बाईंत जास्त सबुरी असावी. 'माय स्टँप' नावाची योजना आहे, २०११ पासून. तीनशे रुपये आणि ओळखीचा पुरावा द्यायचा, आपला फोटो द्यायचा, बारा तिकिटांचा एक ताव मिळतो. प्रत्येक तिकीट पाच रुपयांचं, पत्राला लावलं की चालतं. हयात माणसंही चालतात.

खजिनदारांनी बोटांवर हिशेब केला. "पाच रुपयांचं तिकीट पंचवीस रुपयांना? हा तर ब्लॅक! आम्ही नाटक फुकट दाखवतो आणि त्याचं तिकीट पंचवीस?"

तरी फोटोचा दिवस ठरला. भर दुपारी, देवळाच्या प्राकारात, सगळी मंडळी वेशात. उन्हाने यतिवेषातल्या अर्जुनाची दाढी एका बाजूने सुटली, ती त्याने शेवटपर्यंत हनुवटीला दाबून धरली. फोटोत त्याची दाढ दुखतेय असं वाटतं. नारदाने मिशी काढायला नकार दिला. सुभद्रा मानधनावरची, कुडाळहून येणारी. ती उत्सवाच्या रात्रीच पोचणार, म्हणून तिने मोबाइलवर फोटो पाठवला तो लग्नातला, नवऱ्यासकट. स्टुडिओवाल्याने नवरा कापला, पण खांद्यावरचा त्याचा हात राहिला. पेटीवाले, तबलजी, पडदे ओढणारे दोघे, मागच्या वर्षी वारलेल्या देणगीदारांची तसबीर हातात धरलेला त्यांचा मुलगा, सगळे आत आले. घटोत्कच मधोमध उभा राहिला. त्याला बाजूला उभं करायला प्राकारात जागा नव्हती.

आमचे प्रॉम्प्टर त्याच्या मागे जाऊन उभे राहिले. चाळीसेक वर्षं विंगेत काढलेला माणूस. सौभद्रातली प्रत्येक भूमिका, पदांसकट, त्यांना तोंडपाठ. चेहरा मात्र प्रेक्षकांपैकी कोणी पाहिलेला नाही. "पुढे या," फोटोवाला म्हणाला. "नको, मी असतो," ते म्हणाले आणि सवयीप्रमाणे आणखी अर्धं पाऊल मागे सरकले.

फोटो घेऊन पोस्टात गेलो तेव्हा कळलं की फोटो तिकिटावर छापत नाहीत, तिकिटाच्या शेजारच्या जोडचौकटीत छापतात. खरं तिकीट खात्याच्या ठरलेल्या चित्राचं. बाईंनी ताजमहाल दाखवला. मी अध्यक्षांना फोन लावला. "द्वारकेत ताजमहाल?" ते एवढ्या जोराने ओरडले की फोन कानाला लावायची गरज नव्हती. मग राशींची चित्रं निघाली. समितीची तातडीची बैठक बसली. तालीम मास्तर सिंह राशीवर अडले, खजिनदार तुळेवर. रात्री उशिरा पेटीवाल्या भटजींनी तोड काढली: नाटक कन्याहरणाचं, तेव्हा रास कन्या. गेल्या कित्येक वर्षांत आमच्या समितीत झालेला हा एकमेव शहाणा निर्णय.

ताव आला. सगळे जमले. अंगठ्याच्या नखाएवढ्या चौकटीत एकवीस माणसं. भिंग एका हातातून दुसऱ्या हातात फिरू लागलं.

"हा मीच ना?"

"नाही, ती तबल्याची गवसणी."

कृष्णाचं मोरपीस मागच्या माडात मिसळून गेलं होतं. ओळखू येत होता फक्त घटोत्कच. तिकिटाकडे कुठूनही पाहा, तो तुमच्याकडेच पाहतो. प्रॉम्प्टरनी भिंग बराच वेळ धरलं, घटोत्कचाच्या कडेकडेने फिरवलं, मग काही न बोलता भिंग टेबलावर ठेवून ते निघून गेले. तेव्हा कोणाच्या लक्षात आलं नाही, कारण वाटपावरून भांडण सुरू झालं होतं. तिकिटं बारा, चेहरे एकवीस. शेवटी एक तिकीट प्रमुख पाहुण्यांच्या निमंत्रणाला लावायचं ठरलं. पाकिटाला तिकीट मी चिकटवलं, कार्यवाहांनी ते परत सोडवलं, "वाया जातंय" म्हणून. दुसऱ्या दिवशी पुन्हा लावलं. पाहुण्यांना ते पाकीट मिळालं तेव्हा काळा ठप्पा बरोबर अर्जुनावर बसला होता. घटोत्कच कोरा.

उत्सवाच्या रात्री पाहुण्यांच्या हस्ते तिकिटाचं प्रकाशन. रेशमी रुमाल बाजूला केला आणि मंडपाच्या मागून आवाज आला, "दिसना रे!" म्हणून मग त्याचा दहा फुटांचा फ्लेक्स, दातेरी कडांसकट, वर चढवण्यात आला. तो रंगमंचावरच राहिला, द्वारकेच्या पडद्यापुढे, कारण तो उतरवायला लागणारे दोघे पडदेवाले प्रेक्षकांत बसून फ्लेक्सवर स्वतःला शोधत होते.

नांदी झाली. पहिला अंक छान रंगला. दुसऱ्या अंकात अर्जुनाचं भाषण एका वाक्यावर अडलं. त्याने विंगेकडे पाहिलं. विंगेत मी होतो, हातात वही, वहीत पान सापडत नव्हतं. त्याने दुसऱ्या विंगेकडे पाहिलं, तिथे पाण्याची कळशी. मग त्याने समोर पाहिलं. पहिल्याच रांगेत, इस्त्रीचा सदरा घालून, हाताची घडी घालून आमचे प्रॉम्प्टर बसले होते. आयुष्यात पहिल्यांदा त्यांचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला.

"माझ्याकडे काय बघतोस? तिकिटावर आहे त्याला विचार!"

आतल्या बाजूला तोंड रंगवत बसलेल्या घटोत्कचाला वाटलं आपलीच हाक आली. तो तसाच, गदा घेऊन, बाहेर आला.