कळ थांबली म्हणजे खडा पडला?

‘डॉक्टर हे कधीच सांगणार नाहीत! कुळथाचं कढण, पानफुटीची पानं आणि बिअर. कितीही मोठा मुतखडा सात दिवसांत विरघळतो. ऑपरेशन म्हणजे लूट, लेझरने किडनी जळते, एकदा ऑपरेशन केलं की खडे होतच राहतात. दुखायचं थांबलं की समजा, खडा पडला.’

हा मेसेज मला आजवर पाच-सहा ग्रुपवर दिसला असेल. वाचून सोडून दिला. मग तो भुसावळच्या मामांकडे पोचला. त्यांच्या उजव्या मूत्रवाहिनीत (किडनीतून मूत्राशयात लघवी नेणाऱ्या नळीत) ११ मिमीचा खडा अडकलेला, ऑपरेशनची तारीख ठरलेली. मामांनी ती रद्द केली आणि मामी कुळीथ शिजवायला लागल्या.

आधी ‘विरघळतो’. बहुतेक मुतखडे कॅल्शियम ऑक्झलेटचे असतात आणि ते कशानेच विरघळत नाहीत, कढणाने तर नाहीच. युरिक ॲसिडचे खडे औषधाने विरघळू शकतात, पण तसे खडे थोड्यांनाच होतात आणि ते औषध डॉक्टरच देतात. मग ‘आमच्या काकांचा पडला’ म्हणणारे खोटं बोलतात का? नाही. २०१५ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ब्रिटनच्या २४ रुग्णालयांतली एक चाचणी छापून आली. मूत्रवाहिनीत १० मिमीपर्यंतचा खडा असलेले अकराशेहून जास्त रुग्ण. काहींना खडा लवकर पडावा म्हणून देतात ते औषध, काहींना औषधासारखी दिसणारी पण औषध नसलेली गोळी. या बिनऔषधाच्या गोळीवाल्यांपैकी ८० टक्के लोकांना चार आठवड्यांत पुढचा कुठलाही उपचार लागला नाही. औषधवाल्यांचाही आकडा जवळपास तोच. बहुतेकांचे खडे ५ मिमी किंवा त्याहून लहान होते. म्हणजे त्या महिन्यात कुळीथ प्या नाहीतर मारुतीला तेल वाहा, पाचातल्या चौघांचं भागणारच होतं. श्रेय कुळथाला मिळालं, एवढंच. मूत्रवाहिनीची वाट जेमतेम ३-४ मिमीची. ११ मिमीच्या खड्याने तिथून कसं जायचं?

पण खरा घात शेवटच्या वाक्यात आहे. खडा टोचतो म्हणून कळ येत नाही. लघवी तुंबून किडनीवर ताण येतो म्हणून येते. काही दिवसांनी अडलेली किडनी लघवीच कमी बनवते, ताण उतरतो, कळ थांबते. खडा जागच्या जागी, आणि किडनी आतल्या आत निकामी होत जाते. मामा फोनवर म्हणाले, “अरे, आता दुखतच नाही. सुटलो एकदाचा.” सोनोग्राफी करून घ्या म्हटलं, तर “कशाला उगाच खर्च?” पंधरा दिवसांनी रात्री हुडहुडी भरून ताप आला. तुंबलेल्या लघवीत जंतू वाढले की नुसत्या अँटिबायोटिकवर भागत नाही, आधी वाट मोकळी करावी लागते. त्याच रात्री स्टेंट, म्हणजे लघवीची वाट मोकळी ठेवणारी बारीक नळी, घातला. जंतुसंसर्ग आटोक्यात आल्यावर, तीन आठवड्यांनी, लेझरने खडा फोडला. जे एका खेपेत उरकलं असतं त्याला दोनदा टेबलावर जावं लागलं.

बिअरबद्दल काय बोलायचं! कळ चालू असताना काहीही ढोसून खडा पुढे ढकलला जात नाही. लेझरने किडनी जळते म्हणे. दुर्बीण लघवीच्या वाटेने वर जाते, लेझरची केसासारखी तार खड्यालाच टेकवतात आणि त्याची भुकटी करतात.

खडे पुन्हा होतात, हे खरं. साधारण निम्म्या लोकांना दहाएक वर्षांत होतात, पण ऑपरेशनमुळे नाही. मुळात शरीराची ठेवण आणि कमी पाणी पिणं यामुळे. ‘लूट’ हा शब्दही सगळाच खोटा नाही. न दुखणाऱ्या ४ मिमीच्या खड्यासाठी थेट ॲडमिट व्हायला सांगितलेला माणूस माझ्या ओळखीत आहे. अशा वेळी खडा केवढा, कुठे, थांबता येईल का, हे विचारावं आणि दुसऱ्या डॉक्टरला रिपोर्ट दाखवावेत. कढण हा त्यावरचा उपाय नव्हे.

मामांचा स्टेंट अजून आत आहे. तो आपोआप पडत नाही. विसरला तर त्याच्यावरच खडा चढतो. मामींनी कॅलेंडरवर १८ तारखेला लाल पेनने गोल केलाय. त्या दिवशी रजा टाकून मीच त्यांना घेऊन जाणार आहे.